एचआयव्ही रुग्णांचा डेटाबेस : जे माहीत नाही, तेही नोंदवता आले पाहिजे

पश्चिम महाराष्ट्रातील एका धर्मादाय रुग्णालयात एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्र सांभाळणाऱ्या एका तरुण डॉक्टरांनी विचारले आहे : ‘आमच्याकडे जवळपास सतरा-अठरा वर्षांची व्हाइट कार्डे (प्रत्येक रुग्णाची उपचारांची नोंदपत्रे), रजिस्टरे आणि वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात केलेल्या चार एक्सेल फाइली आहेत. त्यांतून रोजच्या उपचारांना उपयोगी पडेल आणि पुढे संशोधनालाही चालेल असा एकच डेटाबेस उभारायचा आहे. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे आणि कोणते रकाने ठेवावेत?’ हे काम मी वीसएक वर्षे करत आलो आहे आणि त्यात काही चुका स्वतः करून शिकलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सॉफ्टवेअरचा प्रश्न मी शेवटाकडे घेतो, कारण तो सर्वांत सोपा आहे. कठीण काम त्याआधीचे आहे : प्रत्येक रकान्याचा अर्थ काय, हे केंद्रातील डॉक्टर, समुपदेशक, परिचारिका आणि डेटा मॅनेजर यांनी एकत्र बसून ठरवणे आणि ते लिहून ठेवणे. बरीच वर्षे झाली, एका केंद्राच्या नोंदींवरून आम्ही क्षयरोगाचे प्रमाण काढत होतो. फॉर्मवर ‘क्षयरोग : होय / नाही’ असा रकाना होता आणि निम्म्याहून अधिक कार्डांवर तो कोरा होता. नोंदी संगणकावर भरणाऱ्याला कोऱ्या जागेचे काय करायचे हे कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्याने तिथे ‘नाही’ भरले. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की गर्दीच्या दिवशी तो प्रश्न विचारलाच जात नसे. म्हणजे ज्यांना क्षयरोग नव्हता ते, ज्यांना विचारले नव्हते ते आणि ज्यांचा थुंकीचा अहवाल यायचा होता ते, असे सगळे आमच्या तक्त्यात एकाच शब्दाखाली गेले होते. कागदावर कोरी जागा निदान कोरी दिसत होती. संगणकावर आल्यावर तीच जागा खात्रीने ‘नाही’ म्हणू लागली. ते विश्लेषण आम्हाला टाकून द्यावे लागले.

तेव्हापासून कोणताही रकाना आखताना मी पहिला प्रश्न हा विचारतो की उत्तर माहीत नसेल तर इथे काय भरायचे. ‘नाही’, ‘विचारले नाही’, ‘विचारले पण रुग्णाला सांगता आले नाही’ आणि ‘लागू नाही’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत व त्यांना चार वेगळे संकेत हवेत. प्रमाणित डेटाबेस म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर आंतरराष्ट्रीय संकेतांकांच्या लांबलचक याद्या येतात. त्या लागतातच, पण माझ्या अनुभवात नोंदींचे सर्वाधिक नुकसान अज्ञान लपवल्यामुळे होते, आणि चांगल्या प्रमाणकांचे खरे मोल हे की ती अज्ञानाला जागा करून देतात.

रकाने नव्याने शोधण्याची मात्र गरज नाही. युरोपातील एचआयव्ही अभ्यासगटांनी आपापल्या नोंदी एकत्र करता याव्यात म्हणून ‘हिकडेप’ नावाचा देवाणघेवाणीचा आराखडा वीस वर्षांपूर्वी तयार केला. त्यात रुग्णाची मूळ माहिती, औषधे, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या), व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण), भेटी, आजार आणि पाठपुरावा संपल्याची नोंद यांचे वेगवेगळे तक्ते आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या आधाराने २००६ च्या सुमारास सुरू झालेले ‘आयडिया’ हे जागतिक जाळे सात विभागांत पसरलेले असून त्यात वीस लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी आहेत. त्याचे प्रमाणकही हिकडेपवरच आधारलेले आहे. आशिया-प्रशांत विभागात चेन्नई आणि पुणे येथील केंद्रांनी वर्षानुवर्षे नोंदी पुरवल्या आहेत, तेव्हा ही वाट आपल्याकडेही मळलेली आहे. तुम्ही या जाळ्यात जाणार नसलात तरी तक्त्यांची रचना तीच ठेवा. एका रुग्णाची एक लांबच लांब ओळ आणि तीत ‘सीडी४-१, सीडी४-२, सीडी४-३’ असे रकाने, ही एक्सेलमधली सवय मात्र पहिल्याच दिवशी सोडा, कारण या आजाराचा रुग्ण तीस वर्षे तुमच्याकडे येणार आहे. प्रत्येक तपासणीची ओळ वेगळी, प्रत्येक औषधाची वेगळी आणि प्रत्येक भेटीची वेगळी.

आता तारखांकडे वळतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण एचआयव्हीच्या संशोधनातील बहुतेक प्रश्न अखेर ‘आधी काय, नंतर काय’ यावर येऊन थांबतात. जुन्या कार्डांवर ‘२००७ मध्ये मुंबईत तपासणी’ एवढेच लिहिलेले असते. संगणक मात्र दिवस, महिना, वर्ष असे पूर्ण मागतो, मग भरणारा माणूस १ जानेवारी टाकून मोकळा होतो. काही वर्षांनी तक्ता पाहणाऱ्याला वाटते की नववर्षदिनी शेकडो लोकांना एचआयव्हीचे निदान झाले. हिकडेपने यावर नियम घातला आहे : दिवस माहीत नसेल तर महिन्याची १५ तारीख, महिनाही माहीत नसेल तर १ जुलै. आयडियाने त्याला जोड दिली ती प्रत्येक तारखेशेजारच्या एका छोट्या रकान्याची, ज्यात ही तारीख दिवसापर्यंत खरी, महिन्यापर्यंत खरी, वर्षापर्यंत खरी की पूर्णच अज्ञात, हे एका अक्षराने लिहायचे असते. एवढ्या एका अक्षराने संशोधकाला कळते की कोणत्या तारखेवर किती भार टाकायचा.

हे काटेकोरपण किती महत्त्वाचे असते, याचे बोट्सवानातील उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात देतो. तिथे ‘त्सेपामो’ या उपक्रमात २०१४ पासून सरकारी प्रसूतिगृहांतील जन्मांच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवल्या जात होत्या आणि आईने कोणते एचआयव्हीविरोधी औषध केव्हा सुरू केले, हेही त्यांत होते. मे २०१८ मध्ये असे दिसले की गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राविर घेत असलेल्या ४२६ मातांच्या प्रसूतींत ४ बाळांच्या मेंदू-मज्जारज्जूच्या नळीत जन्मजात दोष होता, म्हणजे सुमारे ०.९४ टक्के. जगभर धोक्याची घंटा वाजली आणि अनेक देशांनी प्रजननक्षम वयातील स्त्रियांना हे औषध देताना हात आखडता घेतला. पण नोंदी थांबल्या नाहीत. २०१९ मध्ये हाच आकडा १,६८३ मध्ये ५, म्हणजे ०.३० टक्क्यांवर आला आणि पुढे संख्या वाढत गेली तसा तो इतर औषधांच्या बरोबरीला, ०.११ टक्क्यांच्या आसपास, स्थिरावला. आज आपल्याकडील लाखो रुग्ण, त्यांत असंख्य स्त्रिया, डोल्युटेग्राविर असलेली एकत्रित गोळी निर्धास्तपणे घेतात त्यामागे ही नोंद आहे. तिचा सगळा कणा दोन तारखांचा होता : औषध सुरू झाल्याची आणि गर्भधारणेची. त्या अंदाजाने भरल्या असत्या, तर ना शंका वेळेवर आली असती, ना तिचे निरसन झाले असते.

प्रयोगशाळेच्या आकड्यांबाबत मुख्य सूचना एकच : अहवालावर जे छापलेले आहे ते जसेच्या तसे ठेवा आणि त्याचा अर्थ वेगळ्या रकान्यात लावा. व्हायरल लोडचा अहवाल ‘२० पेक्षा कमी’ असा येतो, काही वर्षांपूर्वीच्या यंत्रावर तो ‘५० पेक्षा कमी’ किंवा ‘४०० पेक्षा कमी’ असे. भरणारा कधी शून्य लिहितो, कधी २०, कधी नुसते ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू आढळला नाही). हे तिन्ही समान नाहीत. हिकडेपची युक्ती अशी की मर्यादेखालचा आकडा ऋण चिन्ह लावून ठेवायचा आणि त्या यंत्राची किमान मर्यादा शेजारच्या रकान्यात नोंदवायची. तुम्ही चिन्हासाठी वेगळा रकाना ठेवलात तरी चालेल, पण मर्यादा हरवू देऊ नका. काही प्रयोगशाळा विषाणूच्या प्रती दर मिलिलिटरला किती हा आकडा आणि त्याचा लॉग (दहाचा घातांक) असे दोन्ही छापतात व ‘३.२’ हा लॉगचा आकडा प्रतींच्या रकान्यात जाऊन बसतो. मग दीड हजारांहून अधिक प्रती असलेला, औषध निकामी होत चाललेला रुग्ण तक्त्यात विषाणू पूर्ण दबलेल्यांत मोजला जातो. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की एक ते आठ या दरम्यानचा प्रत्येक दशांश आकडा आपोआप थांबवून विचारणा करणारी तपासणी मी प्रत्येक ठिकाणी बसवतो.

औषधांची नोंद गोळीच्या नावाने न करता घटकांच्या नावाने करावी. ‘टीएलडी’ ही एक गोळी असली तरी तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे आहेत आणि ‘टीएलई’वरून (डोल्युटेग्राविरच्या जागी एफाविरेंझ असलेल्या गोळीवरून) ‘टीएलडी’वर गेलेल्या रुग्णाचे एकच औषध बदललेले असते. प्रत्येक घटकाची सुरुवात, शेवट आणि थांबवण्याचे कारण असे तीन रकाने ठेवले की मूत्रपिंडावर टेनोफोविरचा परिणाम किती वर्षांनी दिसतो, यासारखे प्रश्न पुढे विचारता येतात. थांबवण्याचे कारण लिहिताना ‘धोरण बदलले’ हा पर्याय विसरू नका. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी आठ केंद्रांतून सुरू झाली तेव्हा सीडी४ बराच खाली गेलेल्यांनाच औषध मिळे. ती पातळी टप्प्याटप्प्याने वर गेली आणि २०१७ पासून निदान होताच सर्वांना उपचार मिळू लागले. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या अखेरीस स्टॅव्ह्युडीन हे जुने एचआयव्हीविरोधी औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला. धोरणामुळे झालेला बदल आणि रुग्णाला त्रास झाला म्हणून झालेला बदल यांची सरमिसळ झाली, तर वीस वर्षांच्या नोंदी असूनही औषधांची तुलना करता येत नाही. जागतिक संकेतांकही कालांतराने बदलतात. डोल्युटेग्राविरच्या वर्गातील औषधे आधी ‘इतर’ या गटात होती आणि नंतर त्यांना स्वतंत्र गट मिळाला. म्हणून संकेतांकाबरोबर तो यादीच्या कोणत्या आवृत्तीतला आहे हेही ठेवा.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग, म्हणजे जे रुग्ण येईनासे झाले त्यांची नोंद. आपल्या केंद्रांत त्यांना ‘एलएफयू’ (लॉस्ट टू फॉलो-अप, म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेले) म्हणतात. कुठे ठरलेल्या तारखेपासून २८ दिवस उलटले की हा शिक्का बसतो, कुठे ९० दिवसांनी, आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासांत पुष्कळदा १८० दिवसांनी. डेटाबेसमध्ये हा शिक्का साठवूच नये. शेवटच्या भेटीची तारीख, त्या वेळी किती दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पुढची तारीख कोणती दिली होती, या तीन गोष्टी असल्या की कोणत्याही व्याख्येने यादी काढता येते, आणि उद्या व्याख्या बदलली तरी जुन्या नोंदी निरुपयोगी होत नाहीत. साठवायचे ते वेगळे : शोध घेतला का, कोणी घेतला, केव्हा, कोण भेटले आणि काय कळले.

तुमच्या भागात याचे एक खास रूप दिसेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाकडे येतात आणि गाळप संपले की परततात. आपल्या गावाजवळच्या केंद्रात नाव असलेली बाई हंगामात तुमच्याकडे गोळ्या घेते, तेव्हा तिकडे ती ‘बेपत्ता’ ठरते आणि तुमच्याकडे ‘नवीन रुग्ण’. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या आणि एकत्र पाहिल्या तर खोट्या. तुमच्या फॉर्मवर ‘याआधी कुठे औषध घेतले, आणि परत कुठे जाणार’ हे दोन प्रश्न असतील, तर बरेचसे ‘बेपत्ता’ सापडतील. आणि सगळेच काही ऊसतोडीला गेलेले नसतात. युगांडातील म्बरारा येथील संशोधकांनी येईनाशा झालेल्या रुग्णांतून काहींची यादृच्छिक निवड करून त्यांचा घरोघरी शोध घेतला, तेव्हा केंद्राच्या नोंदीत दिसत होता त्याच्या कित्येक पट मृत्युदर प्रत्यक्षात निघाला. सर्वांना शोधणे शक्य नसते, पण थोड्यांना नीट शोधले तर उरलेल्यांविषयी प्रामाणिक अंदाज करता येतो. एचआयव्हीग्रस्तांना आधार देणाऱ्या ‘विहान’ केंद्रांच्या किंवा तुमच्या स्वतःच्या आउटरीच कार्यकर्त्यांनी गावात जाऊन जे पाहिले, ते वहीत न राहता डेटाबेसमध्ये आले पाहिजे.

यातूनच ओळखीचा प्रश्न येतो : हा रुग्ण तोच आहे का? आपल्याकडे लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. इंग्रजीत लिहिताना वंदना दोन तऱ्हांनी लिहिली जाते, म्हणून नाव देवनागरीतही भरून घ्या आणि माहेरचे नाव, गाव व आईचे नाव विचारा. जन्मतारीख जुळली म्हणून माणूस तोच, असे समजू नका. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख घातलेल्यांच्या पिढ्याच्या पिढ्या आहेत, त्यामुळे दोन नोंदींत १ जून असणे हा जवळजवळ पुरावाच नव्हे. संगणकाने शक्य जोड्या सुचवाव्यात, निर्णय मात्र रुग्णांना ओळखणाऱ्या माणसाने घ्यावा आणि दोन नोंदी जोडल्या तर पुन्हा सोडवता येतील असा मागोवा ठेवावा. चुकीने जोडलेल्या दोन नोंदींत एकीचे औषध दुसरीच्या नावावर दिसते, आणि तो धोका थेट उपचारांचा आहे.

गोपनीयतेबाबत कायदा स्पष्ट आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा असून तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लेखी, माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणाची एचआयव्हीस्थिती उघड करता येत नाही, त्याला मोजकेच अपवाद आहेत, आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर त्या सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की नाव, पत्ता, फोन यांचा तक्ता वेगळा आणि उपचारांचा वेगळा, दोहोंना जोडणारा क्रमांक अर्थहीन, आणि कोणी कोणती नोंद केव्हा उघडली याची आपोआप नोंद. संशोधकाला नावांचा तक्ता कधीच देऊ नये. पण नाव काढले म्हणजे ओळख पुसली, असेही मानू नये. लहान तालुक्यात ‘४२ वर्षांची विधवा, अंगणवाडी सेविका’ एवढे पुरते. म्हणून गाव काढून जिल्हा ठेवा, व्यवसाय मोठ्या गटांत घाला आणि प्रत्येक रुग्णाच्या सर्व तारखा एकाच यादृच्छिक अंतराने सरकवा, म्हणजे दोन घटनांमधले अंतर शाबूत राहते आणि खरी तारीख कळत नाही. ठरल्या तारखेला न आलेल्या रुग्णांची यादी एक्सेलमध्ये काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याची पद्धत जिथे असेल तिथे ती आजच बंद करावी. त्या यादीतले एक नाव वाचणाऱ्याच्या गावचे निघाले आणि एका बाईला घर सोडावे लागले, हे मी पाहिले आहे.

आता सॉफ्टवेअर. तुमचे केंद्र राष्ट्रीय कार्यक्रमाशी जोडलेले असेल, तर नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) ‘सोच’ या संगणकीय प्रणालीत नोंदी कराव्याच लागतील. तिच्याशी स्पर्धा करणारी दुसरी प्रणाली उभारू नका, कारण तीच माहिती दोनदा भरणारा कर्मचारी थोड्याच दिवसांत एका ठिकाणी घाईने भरू लागतो. तिथला क्रमांक तुमच्याकडे ठेवा आणि जे तिथे मावत नाही तेवढेच वेगळे नोंदवा. स्वतःची प्रणाली हवीच असेल, तर केनियातील एल्डोरेट येथील एचआयव्ही कार्यक्रमाच्या गरजेतून २००४ च्या सुमारास आकाराला आलेली ‘ओपनएमआरएस’ ही मुक्त प्रणाली पाहा. छत्तीसगडमधील गनियारी येथील जनस्वास्थ्य सहयोगाच्या रुग्णालयासाठी तयार झालेली ‘बहमनी’ तिच्यावरच उभी आहे. ओपनएमआरएसचे मर्म असे की फॉर्म बदलला तरी संकल्पनांचा कोश बदलत नाही, म्हणजे ‘वजन’ तीन फॉर्मांवर तीन ठिकाणी विचारले तरी ते एकाच संकल्पनेखाली साठते. केवळ एका अभ्यासापुरती माहिती गोळा करायची असेल, तर ‘रेडकॅप’ हे संशोधनाची माहिती भरण्याचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे, पण रोजचे उपचार त्यावर चालवू नयेत.

जे काही घ्याल ते डॉक्टरांना त्याच भेटीत काही परत देणारे असावे : मागील सीडी४ची रेघ, वजनाचा उतार, व्हायरल लोडची तारीख उलटल्याची सूचना. स्वतः पाहिलेली चूक माणूस स्वतः दुरुस्त करतो, आणि वर्षअखेरीच्या अहवालासाठीच उघडली जाणारी नोंद वर्षअखेरपर्यंत चुकीची राहते. दर आठवड्याला संशयास्पद नोंदींची छोटी यादी काढा : निदानाआधीच औषध सुरू झालेले, एका महिन्यात पंधरा किलो वजन घटलेले, मृत्यूच्या तारखेनंतर भेट दिलेले. मूळ व्हाइट कार्ड काढून ती त्याच आठवड्यात निकाली लावा आणि दुरुस्ती करताना जुना आकडा पुसू नका. आणि ज्याच्या हातून हे सगळे होते, त्या डेटा मॅनेजरला वर्षावर्षाच्या करारावर झुलवत ठेवू नका. त्याच्या डोक्यात असलेले केंद्राचे ज्ञान कोणत्याही प्रणालीत साठवता येत नाही, आणि तो गेला की तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते.

शेवटी तुमच्या जुन्या कागदांविषयी. वेळ कमी असल्यामुळे आज औषध घेत असलेल्यांचीच कार्डे आधी भरावीत, असे तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तसे करू नका. आज येणारे रुग्ण म्हणजे जगलेले आणि टिकलेले. त्यांच्याच नोंदी भरल्या तर २००८ मध्ये उपचार सुरू केलेला जवळजवळ प्रत्येक जण जिवंत आहे, असे तुमचा डेटाबेस सांगेल. नोंदणी रजिस्टरातील पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाची एक ओळ आधी तयार करा, मग त्यात फक्त जन्माचे वर्ष, लिंग, औषध सुरू झाल्याची तारीख, शेवटची भेट आणि शेवट काय झाला एवढेच असले तरी चालेल. बाकीचे तपशील सवडीने भरता येतील. मृतांची आणि येईनाशा झालेल्यांची कार्डे बहुतेक केंद्रांत वेगळी काढून, दोरीने बांधून, कपाटाच्या तळाशी ठेवलेली असतात. तुम्ही कामाची सुरुवात त्या गठ्ठ्यापासून करा.